एनआयसीयूचा अनुभव: बाळासाठी ५ स्टार, आईसाठी १

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, माझी मुलगी ४१ दिवस होती, २९व्या आठवड्यात झाली, वजन १,१८० ग्रॅम. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण पोर त्यांनीच वाचवलं.

बाळाच्या ट्रीटमेंटला पूर्ण ५. सीपॅप (श्वासाला मदत करणारं मशीन), श्वास चालू राहावा म्हणून कॅफीनचं औषध, नळीतून दूध, सगळं वेळच्या वेळी, आणि रात्रपाळीच्या सिस्टर तर सिरिंजला राहिलेला माझ्या चिकाचा थेंबसुद्धा तिच्या ओठांना लावायच्या.

पण आईकडे बघायला तिथे कोणी नाही. भेट सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, बाकी वेळ मी कॉरिडॉरमधे. माहिती द्यायला डॉक्टर नवऱ्यालाच बोलवणार, मला काय ते अर्धवट कळणार. एकदा माझ्यासमोर ती निळी पडली, मॉनिटरवर ऑक्सिजन ६२, सिस्टरनी तळपायाला टिचक्या मारल्या तेव्हा कुठे श्वास आला, आणि मला म्हणाल्या बाहेर थांबा. अॅप्निया, म्हणजे श्वास मधेच थांबणं, एवढ्या लवकर झालेल्या बाळांना होतो, हे मला चार दिवसांनी कळलं, ते चार दिवस मी कसे काढले माझं मला माहीत.

घरी आल्यावर मायक्रोवेव्ह वाजला तरी मी धावत पाळण्याकडे. रात्रभर तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे, सॅनिटायझरचा वास आला की मळमळायचं. बाळ सुखरूप आलं ना, मग आता कशाला रडतेस, हे सगळ्यांचं. शेवटी दीड महिन्याने रात्री २ वाजता टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हणून सांगितलं. तिथे समजलं की हा पीटीएसडी आहे, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर होणारा मानसिक त्रास, मला वाटायचं तो फक्त सैनिकांना होतो. महिना उलटला तरी तेच तेच दिसत राहणं, झोप उडणं, आवाजाने दचकणं, सगळं माझंच वर्णन होतं.

डिस्चार्जच्या फाइलला डोळ्यांची आरओपी तपासणी (लवकर झालेल्या बाळांचा पडदा बघतात ती), कानांची बेरा टेस्ट (ऐकू येतं का ते बघणारी), डोक्याची सोनोग्राफी अशी यादी पिन केलेली, माझ्यासाठी एक ओळ नाही!! बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची एडिनबर्ग स्केल नावाची प्रश्नावली १९८७ पासून आहे, फक्त १० प्रश्न, पाच मिनिटं लागतात. ती डिप्रेशनसाठी असते, ट्रॉमासाठी नाही, पण निदान कोणी मला काहीतरी विचारलं असतं.

तो १ स्टार कांगारू केअरचा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं. २३व्या दिवशी तिला पहिल्यांदा छातीवर ठेवलं, तासभर ऑक्सिजनचा आकडा ९६च्या खाली गेला नाही आणि त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले. १९७८ साली बोगोटात इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून निघालेली पद्धत, त्याला लागतं काय तर टेकून बसायला खुर्ची, ती इथे सगळ्या आयांमधे एकच, नंबर लागायचा.

तुमचं बाळ एनआयसीयूत असेल तर कांगारू केअर कधीपासून ते पहिल्याच दिवशी विचारा, आणि डॉक्टरांना सांगा की मलाही बोलवा, फक्त ह्यांना नको. हॉस्पिटलवाल्यांनो, त्या कॉरिडॉरमधे पाठ टेकता येईल असं एक बाकडं तरी ठेवा, सिझरचे टाके ओले असतात हो.