खासगी शाळेतला सहावीचा गृहपाठ: पहिल्या सत्रानंतरचा अनुभव

विषय किती, वह्या किती, परीक्षा कशा, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही. आम्ही हर्णैचे. मुलगा पाचवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. यंदा जूनमध्ये त्याला तालुक्याला एका खासगी शाळेत सेमी-इंग्रजीला घातलं. पहिलं सत्र संपलं, आता लिहायला हरकत नाही.

लिहायला बसले ते एका लाल शेऱ्यामुळे. ‘गृहपाठ अपूर्ण. पालकांनी भेटावे.’ गृहपाठ अपूर्ण राहिला कारण तो आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ही शाळा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकते, तोही रात्री आठ-साडेआठला. फळ्याचा फोटो असतो आणि त्यातली अर्धी अक्षरं ट्यूबलाइटच्या चकाकीत दिसत नाहीत. जून-जुलैत निभावलं. मासेमारी बंद होती, होडी शाकारलेली, घरधनी घरात आणि त्यांचा मोबाईलही घरात. 1 ऑगस्टला बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली आणि ते बोटीवर गेले. मोबाईल त्यांच्याबरोबर गेला. माझ्याकडे बटणांचा फोन. मुलगा शेजारी जाऊन गृहपाठ उतरवून आणायचा, त्यांनी दार लावलं की संपलं. पावसात लाईट गेली की पाठोपाठ रेंजही जाते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता डायरीचं ऐका, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं आहे. याच शाळेने जूनमध्ये डायरी घ्यायला लावली, दीडशे रुपये. प्रत्येक पानावर ‘आजचा गृहपाठ’ असा रकाना आणि खाली पालकांची सही. जूनपासून तो रकाना कोराच होता. माझ्या सह्या होत्या, शेरे होते, गृहपाठ एकाही पानावर नव्हता. भेटायला गेले तेव्हा वर्गशिक्षिकेपुढे डायरी उघडून पान-पान दाखवलं. म्हटलं, “बाई, शेवटच्या तासाला पाच मिनिटं द्या, मुलं स्वतः लिहून घेतील.” त्या म्हणाल्या, “ताई, बाकी कुणाची तक्रार नाही. पालकांनीही थोडं लक्ष द्यायला हवं.” मी लक्ष देत नाही, असं माझ्या तोंडावर. शेवटी साडेआठ हजारांचा मोबाईल घेतला, केवळ गृहपाठ बघायला. प्रवेश घेताना हा खर्च कुणी सांगितला नव्हता. तुम्ही फीचा हिशोब मांडाल तेव्हा हा आकडा धरा.

वेळेचं म्हणाल तर केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात स्पष्ट आहे: पहिली-दुसरीला गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी रोज जास्तीत जास्त एक तास. ती शिफारस आहे, सक्ती नाही, पण एक तास हा आकडा विचार करूनच घातला असेल. आमच्याकडे पोरगं एसटीने साडेसहाला घरी येतं, गृहपाठ आठनंतर कळतो आणि संपेपर्यंत दहा-साडेदहा होतात. त्यातला निम्मा वेळ प्रश्नोत्तरं आधी रफ वहीत आणि मग समास आखून फेअर वहीत उतरवण्यात जातो. तपासताना पाच पानांवर मिळून बरोबरची एकच लांब खूण. ‘बिकॉज’चं स्पेलिंग चुकलं होतं, खूण त्याच्यावरूनच गेलेली.

गणपतीच्या सुट्टीतला प्रकल्प होता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांचा. जुलै 2025 मध्ये ते जाहीर झाले, त्यात आमचा सुवर्णदुर्ग. विषय छानच. पोराने बंदरावर बसून समोर दिसणारा सुवर्णदुर्ग पेन्सिलीने काढला, तट, बुरूज, खालचे खडक, सगळं बघून. बाकीच्या अकरा किल्ल्यांची रंगीत प्रिंट पानाला दहा रुपये देऊन आणली. मार्क कापले, का तर सुवर्णदुर्गाचा फोटो चिकटवलेला नाही. रोज डोळ्यांसमोर असलेला किल्ला मुलाने स्वतः काढला तर त्याला फोटोपेक्षा कमी मोल का, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

इथपर्यंत माझं मत असं झालं होतं की सहावीला गृहपाठच नको. ते नवरात्रात बदललं. विज्ञानाच्या सरांनी वर्गातच तोंडी सांगितलं: घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत रोज पूर्ण भरतीची वेळ लिहा. फोटो नाही, प्रिंट नाही. माझ्या सासऱ्यांनी नातवाला जुना हिशोब सांगितला, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पोराने वहीत दोन रकाने आखले, एक आजोबांच्या हिशोबाची वेळ, दुसरा बंदरावर उभं राहून बघितलेली. सुरुवातीला दोन्ही जवळजवळ जुळले, पुढे फरक वाढत गेला. सरांनी वर्गात उलगडा केला: आजोबांचा हिशोब रोज 45 मिनिटांचा, चंद्रामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून पौर्णिमेपर्यंत तासाभराचा फरक साचतो. अपूर्णांकाचा गुणाकार त्याला तिथे पक्का झाला. त्या दिवसांत मला एकदाही ‘अभ्यासाला बस’ म्हणावं लागलं नाही. सासरे तर रोज जेवायच्या आधी वही मागून बघायचे. असा गृहपाठ रोज एक तास द्या, मी शाळेला दोन्ही हात जोडीन.

दिवाळीनंतर पुन्हा भेटले. विज्ञान आणि गणित आता डायरीत लिहून येतं, त्या दोन शिक्षकांचे मनापासून आभार. बाकीचे विषय अजून ग्रुपवरच, रात्री आठनंतर. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. इथे प्रवेशाचा विचार करत असाल तर इमारत, संगणक बघून झाल्यावर सहावीच्या एखाद्या मुलाची डायरी मागा आणि रकाना भरलेला आहे का ते बघा.

धाकटी चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला सातवीपर्यंत तिथेच ठेवायचं घरात ठरलं आहे.