मागच्या एअर सस्पेन्शनचं लिकेज शोधायचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

संचात फार काही नाही. ० ते १२ बारचे दोन गेज, गाडीतल्या नळीच्या मापाचे टी-जॉइंट आणि प्लग, दोन छोटे बॉल कॉक, फवाऱ्याची बाटली, मोजपट्टी आणि दांड्याचा आरसा. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडले ते प्लग, आणि अपेक्षेपेक्षा कमी लागली ती साबणाची बाटली. गाडी मागून बसली की लोक आधी बेलोवर, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या हवेच्या रबरी फुग्यावर, फेस मारतात आणि तिथेच तासभर घालवतात. हवा कोणत्या भागातून जाते हे गेज आणि प्लगने ठरलं की फेस मारायला दोन-चार जागाच उरतात.

पहिला प्रश्न असा की बेलोची हवा उतरताना त्याला हवा पुरवणाऱ्या टाकीचा दाबही उतरतो का? यांत्रिक लेव्हलिंग व्हॉल्व्ह (गाडीची उंची सारखी ठेवणारा) असलेल्या गाडीत बेलो गळू लागला की चेसिस थोडी खाली येते, व्हॉल्व्हचा लिव्हर वर जातो आणि व्हॉल्व्ह टाकीतून नवी हवा सोडतो. त्यामुळे लिकेज लहान असेल तर गाडी आधी बसत नाही, टाकी रिकामी होत जाते. प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (टाकीचा दाब फार उतरला की सस्पेन्शनची हवा तोडणारा) बंद झाल्यावरच गाडी खाली येते. टाकी उतरते म्हणून हवेवर चालणाऱ्या ब्रेकच्या लाइन तपासत बसण्याची चूक इथेच होते. इलेक्ट्रॉनिक सिस्टिममध्ये उलट असतं. गाडी बंद करून ती झोपली की सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह) बंद राहतात, म्हणून टाकी भरलेली आणि गाडी बसलेली दिसली तर दोष सोलेनॉइड ब्लॉक ते बेलो या टप्प्यात. फक्त काही गाड्या इग्निशन बंद केल्यावरही थोडा वेळ उंची सांभाळत राहतात, तेवढा वेळ जाऊ द्यावा.

गाडी एका बाजूला कललेली असेल तर आधी लेव्हलिंग व्हॉल्व्ह किती आहेत ते पाहावं. एकच असेल तर दोन्ही बाजूंचे बेलो एकमेकांना जोडलेले असतात आणि दाब सारखा होतो. अशा गाडीत कल दिसला तर लिकेज शोधू नका, अ‍ॅक्सल जागेवर धरणारे बुश आणि टॉर्क रॉड पाहा.

रात्रभराच्या चाचणीत तापमान विसरलं की फसगत होते. टाकीत गेजवर ५ बार असतील आणि हवा ३० अंशांवरून २० अंशांवर आली, तर काहीही न गळता काटा साधारण ०.२ बार खाली येतो. तेवढ्यावर बेलो बदलायला काढू नये. गेजच्या जोडीला चेसिस ते अ‍ॅक्सल हे अंतर दोन्ही बाजूंना खडूच्या खुणेवर मोजून लिहावं. संध्याकाळचा आणि सकाळचा आकडा शेजारी ठेवले की संशय राहत नाही.

मग प्लग. चाकांना ठोकळे, चेसिसखाली घोडी (टेकूचा स्टँड), बेलोची हवा पूर्ण सोडलेली, एवढं झाल्याशिवाय एकही जॉइंट उघडू नये आणि खाली शिरू नये. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कधीच नाही. लेव्हलिंग व्हॉल्व्हमधून बेलोकडे जाणारी नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग लावायचा. टाकी भरून दाब टिकला तर वरची बाजू चांगली, दोष बेलोच्या बाजूला. तरीही उतरला तर व्हॉल्व्ह किंवा त्याच्या आधीची लाइन. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून सतत फुरफुर येत असेल तर लिंक (लिव्हर अ‍ॅक्सलला जोडणारा दांडा) सुटी करून लिव्हर मधल्या जागी धरावा. बऱ्याच व्हॉल्व्हना ती जागा पक्की करायला पिनचं भोक असतं. काही व्हॉल्व्ह उशिरा प्रतिसाद देतात, म्हणून निदान १५ सेकंद थांबावं. फुरफुर थांबली तर लिंकची सेटिंग चुकलेली आहे. चालूच राहिली तर आतली सीट खराब, आणि तिथे बहुधा ड्रायरची (हवेतली ओल काढणाऱ्या भागाची) पूड, तेल किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलेला सापडतो. ड्रायरचं कार्ट्रिज न बदलता नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जातो.

सगळ्यात चिवट जागा म्हणजे पुश-फिट, म्हणजे नळी नुसती दाबून बसवायचा, जॉइंट. बाहेरून नळी घट्ट बसलेली दिसते. कॉलर चारही बाजूंनी सारखी दाबून नळी काढली की टोकाच्या २० मिलिमीटरमध्ये लांबीच्या दिशेने केसाएवढा ओरखडा दिसतो, हवा त्याच खाचेतून ओ-रिंगखालून निघते. पक्कडने कापलेली नळी लंबगोल होते, तीही गळते. नळी कटरने काटकोनात कापावी, जॉइंटच्या खोलीइतकी मार्करने खूण करावी आणि खूण आत जाईपर्यंत दाबावी. कापून नळी आखूड पडत असेल तर ताणून बसवू नये. जॉइंटवर आडवा ताण आला की गाडी चालताना गळते आणि उभी असताना गळत नाही, मग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

बेलो तपासताना गाडी पूर्ण उचलून घोडीवर घ्यावी. नेहमीच्या उंचीवर रबराची घडी बंद असते आणि चीर तिच्यातच लपते. बेलोच्या तळाच्या पिस्टनभोवती अडकलेला खडा, रबराला घासणारी नळी किंवा क्लिप, खालच्या कडेचा गंज या जागा आरशाने बघाव्यात. फेसासाठी १ लिटर पाण्यात भांड्यांचा द्रव साबण ३-४ चमचे, न घुसळता मिसळलेला. आधीच फेस आला तर बुडबुडे ओळखू येत नाहीत. फवारल्यावर मिनिटभर बघत राहावं, बारीक लिकेजवर लगेच काही दिसत नाही, हळूहळू पांढरा गोंडा तयार होतो. नंतर साध्या पाण्याने धुवावं.

संचाची तक्रार एकच. सारख्या काढ-घालीने बॉल कॉक दांड्यापाशी गळू लागतात आणि संचाचंच लिकेज गाडीच्या माथी बसतं. म्हणून वापरण्याआधी संच जोडून, तोंड बंद करून, दाब भरून पाण्यात बुडवलेला बरा. गेज मात्र बुडवू नये, तो पाण्याबाहेरच धरावा.