३५ हजार देऊन मिळालेली ॲप्रेंटिसशिप

निकाल लागले की डिप्लोमा झालेल्या पोरांच्या घरी फोन सुरू होतात. "फूड कंपनीत मेंटेनन्सला ॲप्रेंटिस घेतायत, सरकारी योजना आहे, वर्षानं परमनंट." २०२२ च्या ऑगस्टमध्ये असाच फोन आमच्या घरी आला. माझं एक वर्ष गेलं आणि घरचे ३५ हजार त्यात अडकले. यंदा आमच्याच गावातल्या दोन पोरांना असे फोन आलेत, म्हणून जे घडलं ते सगळं लिहितोय. पोरांनी वाचावंच, पण त्याआधी त्यांच्या आईवडिलांनी वाचावं.

आमचं गाव करमाळा तालुक्यात. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता, पुढं डिग्रीला जायची ऐपत नव्हती. फोन करणारा माणूस परका असता तर कदाचित आम्ही चार प्रश्न विचारले असते. पण तो ताईच्या सासरकडचा लांबचा पाहुणा. पुण्यात स्वारगेटजवळ प्लेसमेंटचं ऑफिस आहे म्हणाला. घरी आला, जेवला, माझ्या पाठीवर हात ठेवून वडिलांना म्हणाला, "दाजी, पोराची काळजी सोडा आता." डिपॉझिट ३५ हजार, वर्ष पुरं झालं की परत. वडिलांनी उसाच्या बिलातले राखून ठेवलेले पैसे काढले. २० हजार त्याच्या खात्यावर पाठवले आणि १५ हजार त्यानं रोख मागितले. पावती मागावी असं मला वाटलं होतं, पण पाहुण्याकडं पावती कशी मागायची म्हणून वडील गप्प बसले, आणि मीही.

आठवड्यानं लेटर आलं. वर तिरंगी पट्टी, 'भारत सरकार मान्यताप्राप्त' असा मजकूर, खाली गोल शिक्का. 'नॅट्स / नॅप्स योजनेअंतर्गत' असं त्यात लिहिलं होतं. आता मला कळतं की तिथंच थांबायला हवं होतं. या ॲप्रेंटिसशिपच्या दोन वेगळ्या सरकारी योजना आहेत. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांची नॅट्स ही शिक्षण मंत्रालयाकडं आहे, तर नॅप्स कौशल्य विकास मंत्रालयाकडं आणि आयटीआयची बहुतेक पोरं तिच्यात असतात. एकाच पोराची एकाच वेळी दोन्हीकडं नोंद होत नाही. शिवाय लेटरवर सही कंपनीची नव्हतीच, पाहुण्याच्या ऑफिसची होती.

कंपनी मात्र खरी होती. दुधाचा मोठा प्लांट. पहिल्या दिवशी गेटवर घड्याळ, अंगठी काढून घेतली, आईनं मनगटाला बांधलेला दोरा कात्रीनं कापला. दुधात काही पडू नये म्हणून हा नियम सगळ्यांना सारखाच, त्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट आपण नीटनेटक्या जागी आलो असं वाटलं. डोक्याला जाळी, पायात पांढरे गमबूट, आत जाताना पाने-स्क्रूड्रायव्हर मोजून न्यायचे आणि मोजून परत आणायचे.

काम मला मनापासून आवडलं, हेही लिहायलाच हवं. पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंशाला किमान १५ सेकंद राहतं, तापमान जरा खाली आलं की व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि ते दूध पुन्हा मागं बॅलन्स टँकमध्ये जातं, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा पुस्तकातली ओळ जिवंत झाल्यासारखं वाटलं होतं. अमोनिया कॉम्प्रेसरच्या खोलीत जायची सुरुवातीला भीती वाटायची. तिथल्या परमनंट फिटर मामांनी आवाजावरून बेअरिंग ओळखायला शिकवलं. पाऊच मशीनचं सील कुठं जळतं, कुठं कच्चं राहतं, हे पिशवी हातात धरून दाबून दाखवलं. त्या मामांचं ऋण आहे माझ्यावर. पण मामांनी मनानं शिकवलं म्हणून तो काळ कागदावर प्रशिक्षण ठरत नाही. दोन-तीन महिन्यांत मामांच्या हाताखालून काढून मला कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडं दिलं. क्रेट धुणं, गळती झालेल्या पिशव्या फोडून दूध काढणं, लाइन धुवायला मदत. १२ तासांची पाळी, त्यातल्या बऱ्याच रात्रीच्या. "ट्रेनिंगचाच भाग आहे," असं तो सांगायचा. ॲप्रेंटिसला सरकारच्या ॲप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम देता येत नाही, असं १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात स्पष्ट लिहिलंय, हे तेव्हा मला कोण सांगणार?

आता पैशाचं. ठरले होते ११ हजार. डिप्लोमावाल्याला त्या वेळी नियमानं महिन्याला किमान ८ हजार स्टायपेंड (विद्यावेतन) होता, म्हणून ११ ऐकून आम्ही खूश झालो होतो. हातात येणाऱ्या स्लिपवर पीएफ १,३२०, कँटीन ९००, खोली १,५००, गणवेश २०० असे कापलेले असायचे आणि खात्यावर ७,०८० पडायचे. पीएफ कापलेला बघून मी घरी फोन करून सांगितलं होतं, "आई, पीएफसुद्धा आहे." तिनं शेजारी सांगितलं. खरी गोष्ट अशी की या कायद्याखाली नोंद असलेल्या ॲप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) लागूच होत नाही. स्लिपवर पीएफ दिसला याचा अर्थ मी ॲप्रेंटिस नव्हतोच. म्हणजे ज्या आकड्यानं आम्हाला धीर दिला, त्यातच सगळं उघड होतं. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागितला की "अजून जनरेट झाला नाही" एवढंच उत्तर मिळायचं.

हे उघडकीला आलं ते मार्चमधल्या एका रात्री. अडीच वाजले असतील. पाश्चरायझरची लाइन धुणं चालू होतं. आधी पाणी, मग सुमारे ७५ अंशाला तापवलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी, पुन्हा पाणी, मग ॲसिड. परतीच्या लाइनवरचं एक युनियन, म्हणजे पाइपचा जोड, गळत होतं. सुपरवायझर म्हणाला, "लाइन रिकामी आहे, गॅस्केट बदल." पंप बंद होता, पण लाइन रिकामी नव्हती. हुक पान्यानं नट अर्धा फिरवला आणि गरम कॉस्टिक डाव्या हातावर कोपरापर्यंत आलं. आधी चटका बसला, आणि मग साबण लावल्यासारखी कातडी बुळबुळीत लागायला लागली. बॉयलरवरच्या काकांनी मला ओढत नळाखाली नेलं आणि मी ओरडत असताना वीस मिनिटं हात पाण्याखालून काढू दिला नाही. हात वाचला तो त्या माणसामुळं. डाग अजून आहे.

प्रथमोपचाराच्या खोलीत रजिस्टर भरताना तिथल्या माणसानं माझा गेटपास नंबर विचारला, यादीत बघितलं आणि पदाच्या रकान्यात लिहिलं: 'हेल्पर, कंत्राटी'. मी म्हणालो, मी ॲप्रेंटिस आहे, डिप्लोमा झालाय. त्यानं यादी माझ्याकडं फिरवली. माझं नाव सत्तावीस हेल्परांच्या मधोमध होतं.

आमच्याच पाळीत बीडकडचा एक आयटीआय फिटर झालेला पोरगा होता. तो खरा ॲप्रेंटिस. दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाइलवर योजनेच्या सरकारी पोर्टलवरचं स्वतःचं लॉगिन उघडून दाखवलं. त्याचा करार त्यात होता. त्याचं नाव, कंपनीचं नाव, ट्रेड, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, महिन्याचा स्टायपेंड, कंपनीची मान्यता. त्यानं कुणाला एक रुपया दिला नव्हता. "तुझं लॉगिन दाखव," म्हणाला. माझं लॉगिनच नव्हतं. सात महिने मी ज्या योजनेत आहे असं समजत होतो, तिच्या पोर्टलवर माझं नाव टाकायलाही कुणी मला बसवलं नव्हतं.

पाहुण्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "वर्ष पूर्ण कर, सर्टिफिकेट माझी जबाबदारी. मधे सोडलंस तर डिपॉझिट जाईल." ३५ हजार अडकलेले, म्हणून मी राहिलो. हा माझा निर्णय चुकला. डिपॉझिट घेतात ते याचसाठी, माणूस कळूनसुद्धा निघू नये म्हणून. कंपनीच्या एचआरमध्ये गेलो तर "आमचा व्यवहार कंत्राटदाराशी, त्याच्याशी बोला," असं सांगून परत पाठवलं.

वर्ष संपल्यावर जाड कागदावर रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन चाकणला एका मुलाखतीला गेलो. तिथल्या मॅडमनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "नॅट्सचा एनरोलमेंट नंबर?" डिप्लोमावाल्यांचं प्रावीण्य प्रमाणपत्र ॲप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ देतं, पश्चिम विभागाचं ऑफिस मुंबईत शीवला आहे, तिथं विचारा, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी माझा अपमान केला नाही, पाणीही विचारलं. पण बाहेर येऊन मी कितीतरी वेळ बसस्टॉपवर बसून होतो.

मग म्हटलं, आता खरी ॲप्रेंटिसशिप करू. तर डिप्लोमानंतर वर्षभर किंवा जास्त कामाचा अनुभव असलेल्याला नॅट्समध्ये घेत नाहीत. आणि तोच अनुभव नोकरीसाठी दाखवायला जावं, तर कागदावर मी क्रेट धुणारा हेल्पर.

म्हणून गावातल्या त्या दोन पोरांना मी एकच सांगितलं. बॅग भरायच्या आधी पोर्टलवर स्वतःच्या हातानं नोंदणी करा आणि पासवर्ड स्वतःकडं ठेवा. करार तुमच्या लॉगिनमध्ये दिसेपर्यंत घर सोडू नका. लेटर कितीही भारी असू दे, शिक्का कुणाचाही असू दे. दोन्ही योजनांत पोराकडून डिपॉझिट नाही, फी नाही. स्टायपेंड देणं कंपनीचं काम, आणि त्यातला वाटा सरकार उचलतं. मग पोरानं पैसे कशाचे द्यायचे? "वर्षानं परमनंट नक्की" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, करारात तसं कुठं लिहिलंय ते दाखव. कारण प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन कायदा कंपनीवर घालत नाही. मूळ मार्कशीट कुणाकडं ठेवायला देऊ नका. पीएफ कापत असतील तर पहिल्याच महिन्यात यूएएन घेऊन पासबुक तपासा.

मी पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार केली. स्लिपा सगळ्या जपून ठेवल्या होत्या, त्या जोडल्या. पगारातून पीएफ कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा होतो, हे कंत्राटदाराला माहीत असणार, कारण नोटीस गेल्यावर माझा यूएएन निघाला आणि १५,८४० रुपये जमा दिसायला लागले. पोलिसांत अर्ज दिल्यावर पाहुण्यानं २० हजार दोन हप्त्यांत परत पाठवले, म्हणजे जे बँकेच्या स्टेटमेंटवर दिसत होते तेवढेच. रोख दिलेले १५ हजार घेतलेच नाहीत, असं तो अर्जाच्या जबाबात सांगतो. आमच्याकडं दाखवायला काही नाही.

ताईला या सगळ्यात फार सोसावं लागलं. सासरी सगळे म्हणत होते, पाहुण्यारावळ्यांत पोलीस कशाला. गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा शिलाईच्या पैशांतून साठवलेले १५ हजार तिनं रुमालात बांधून आणले होते आणि वडिलांसमोर ठेवले. वडिलांनी त्याला हात लावला नाही. रुमाल तसाच परत तिच्या पिशवीत ठेवून ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले.