तळ्यासाठी काय घ्यावं: ब्लोअरचा एसटीपी की पाणकणसाचा वाफा?

गावाचं सांडपाणी तळ्यात उतरतंय आणि ग्रामपंचायतीकडे निधी आलाय, तर प्रश्न एवढाच उरतो: यांत्रिक एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) बसवायचा, की खडी भरून त्यात पाणकणीस-कर्दळ लावायची? ही दुसरी पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ नावाने विकसित केली आहे. आमच्या गावाने आधी एसटीपी चालवला, मग वाफा केला.

जागेच्या बाबतीत एसटीपीला तोड नाही. ४ गुंठ्यांत आमचा बसला होता, आणि चालू असायचा तेव्हा पाणी खरंच नितळ निघायचं. शहरात मी बहुधा तोच सुचवेन.

आमचं घोडं अडलं विजेवर. त्या टाक्यांत काम करतात ते जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. लोडशेडिंगमध्ये हवा सोडणारा ब्लोअर थांबला की काही तासांत वास सुटायचा. जनरेटर होता, पण डिझेल कोणाच्या खर्चाने भरायचं हे कधी ठरलंच नाही. बरं, वीज आली म्हणून जिवाणू लगेच सावरत नाहीत. काळी पडलेली टाकी पुन्हा तपकिरी दिसायला पंधरवडा जायचा. तोवर बायपासचा व्हॉल्व्ह उघडा आणि मैलापाणी थेट तळ्यात. एका उन्हाळ्यात हे इतक्यांदा झालं की जलपर्णीने सगळं तळं झाकून टाकलं. मी रोज पहाटे काठाने फिरतो. त्या वर्षी टिबुकली या पाणपक्ष्याचं एकही घरटं दिसलं नाही.

वाफ्याचेही त्रास आहेत. जागा कितीतरी जास्त लागते. आधी गाळ बसायची टाकी नसेल तर खडी तुंबते. पाणकणीस वेळच्या वेळी कापून बाहेर न्यावं लागतं, तिथेच कुजलं तर शोषलेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात. पण ही विळ्या-फावड्याची कामं, गावात कोणालाही जमणारी. पाणी उताराने खडीखालून जातं, त्यामुळे डासही नाहीत आणि विजेची वाटही बघावी लागत नाही.

पाणी मी प्रयोगशाळेत तपासून घेतलेलं नाही. दोन पावसाळ्यांनंतर जलपर्णी एका कोपऱ्यात उरली आहे आणि यंदा टिबुकली पाठीवर पिल्लं घेऊन फिरताना दिसली, एवढं सांगू शकतो.

जागा तोकडी असेल तर बंगळुरूचं जक्कूर तळं बघून या. तिथे एसटीपीतून निघालेलं पाणीही आधी पाणकणसाच्या दलदलीतून जातं, मग तळ्यात. तुम्ही एसटीपीच घेतलात तरी तळ्याच्या तोंडाशी तेवढा पट्टा राखा. आणि बायपासच्या व्हॉल्व्हची किल्ली कोणाकडे राहणार, ते कामाआधी ठरावात लिहून घ्या.