न बदललेल्या डिफरेन्शियलचे साडेअकराशे पौंड

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना जुनी माझदा एमएक्स-5 घेण्याचा मोह झाला आहे किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. माझी गाडी 1991 सालची, जपानहून आणलेली, म्हणजे मूळ ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली गेलेली आहे. इंजिन 1.6 लिटरचे, वजन एक टनाच्याही आत, इंजिनाचा जोर मिळणारी चाके मागची. ही गाडी मी सहा वर्षे जिवापाड जपली आहे आणि तिची शक्य तेवढी कामे स्वतःच्या हाताने केली आहेत. तरीही एका गॅरेजने मला फसवले, कारण जे काम त्यांच्यावर सोपवले ते डिफरेन्शियलचे, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या संचाचे होते, आणि ते गाडीच्या पोटाखाली, बंद लोखंडी घरात घडते.

गेल्या हिवाळ्यात मागून एक बारीक, सलग ‘हूं’ असा आवाज येऊ लागला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की त्याचा सूर बदलत असे. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, झिजल्याचे हे नेहमीचे लक्षण. या गाडीच्या 1.6 इंजिनासोबत आलेले डिफरेन्शियल आकाराने लहान, त्यातले क्राऊन व्हील जेमतेम सहा इंचांचे. 1993 साली जपानमध्ये 1.8 लिटरचे इंजिन आले तेव्हा माझदाने त्यासोबत सात इंची क्राऊन व्हीलचे दणकट डिफरेन्शियल दिले आणि काही गाड्यांत टॉर्सन बसवले. टॉर्सनमध्ये तिरप्या दात्यांचे गिअर घसरणाऱ्या चाकाकडचा जोर आपोआप दुसऱ्या चाकाकडे वळवतात. माझ्या गाडीतला जुना व्हिस्कस प्रकार हेच काम आतल्या सिलिकॉन द्रवावर करतो आणि तो द्रव वयानुसार थकतो. त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करण्याऐवजी 1.8चे टॉर्सनच बसवून घ्यावे, असे मी ठरवले.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी लबाडी तिच्यावरच उघडी पडली. 1.8चे डिफरेन्शियल 1.6च्या गाडीत बसते, पण एकटे बसत नाही. त्याच्यासोबत दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे) 1.8चेच लागतात आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत येणारा लांब दांडा), निदान त्याची मागची फ्लँज, म्हणजे जोडणीची चकती, तीही 1.8चीच लागते. शिवाय 1.6चे प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या, 4.3 आहे आणि मी मागितलेल्या डिफरेन्शियलचे 4.1. म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी सुमारे पाच टक्के जास्त वेगाने धावायला हवी.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कॉव्हेंट्रीजवळचे एक गॅरेज सुचवले. मालक मृदू बोलणारा, गाडीची माहिती असलेला वाटला. टॉर्सन डिफरेन्शियल, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट मिळून 750 पौंड आणि मजुरी 400 पौंड, असा भाव ठरला. आधी त्याने एकूण 1,200 सांगितले होते, पण बँकेतून थेट रक्कम पाठवली तर पन्नास पौंड कमी करतो असे तो म्हणाला, म्हणून 1,150 झाले. ते पन्नास पौंड मला फार महाग पडले. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते, तर 1974च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम 75 नुसार शंभर पौंडांच्या वरच्या वस्तूसाठी कार्ड देणारी बँकही गॅरेजच्या बरोबरीने जबाबदार राहिली असती. थेट बँकेतून पाठवलेल्या रकमेला ते कवच नसते, आणि सवलतीचे आमिष का दाखवले गेले हे मला आता नीट कळते.

मी जुने डिफरेन्शियल परत मागितले होते. उत्तर मिळाले की नवीन नग बदलीच्या बोलीवर आणला असून जुना नग त्याच दुकानात जमा करावा लागतो. जुना भाग बदलीत घेण्याची ही पद्धत सुट्या भागांच्या धंद्यात सर्रास आहे, त्यामुळे मला ते खरे वाटले. पण सहा इंची जुन्या डिफरेन्शियलचे सात इंची टॉर्सन कोणालाही करता येत नाही, मग 1.8च्या नगाच्या बदल्यात 1.6चा नग कोणी का घेईल, हा साधा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात आला नाही. याची खंत मला पैशांपेक्षा जास्त आहे.

गाडी चार दिवसांनी परत मिळाली तेव्हा आवाज खरोखर थांबला होता. डिफरेन्शियलचे घर काळ्या रंगाने चकचकीत रंगवले होते. मी आनंदाने घरी आलो आणि तीन आठवडे तो आनंद टिकला. मग एका थंड सकाळी, ऑफिसला जाताना, तोच सूर पुन्हा मागून उमटला.

सुदैवाने कामाआधी मी एक नोंद करून ठेवली होती. एम69 रस्त्याच्या एका सपाट तुकड्यावर पाचव्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला 3,500 फेऱ्यांना मोबाइलचा जीपीएस ताशी 67 मैल दाखवत असे आणि स्पीडोमीटर 70. या जुन्या गाडीत स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे मागचे प्रमाण बदलले तरी स्पीडोमीटर 3,500 फेऱ्यांना 70च दाखवणार. बदल दिसायचा तो फक्त जीपीएसवर, आणि तो 67 वरून सुमारे 70 वर जायला हवा होता. मी त्याच रस्त्यावर तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा आकडा 67च्या पुढे सरकला नाही.

त्या शनिवारी मूळचा कोल्हापूरचा आणि इथे मेकॅनिकचे काम करणारा माझा एक मित्र आला. आम्ही गाडीचा मागचा भाग उचलून चार मजबूत स्टँडवर ठेवला. डावीकडच्या ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्यावरच्या रबरी बुटाला, म्हणजे आवरणाला, दोन वर्षांपूर्वी मी स्वतः स्टीलची पट्टी घातली होती, आणि ती आवळताना पक्कड घसरून तिच्यावर एक आडवा ओरखडा पडला होता. मित्राने बॅटरीचा उजेड त्यावर धरला आणि मला खाली बोलावले. ओरखडा जिथल्या तिथे होता. ज्या शाफ्टच्या बदलीचे पैसे मी मोजले होते, तो शाफ्ट गाडीवरून कधी उतरलाच नव्हता.

मग आम्ही तेल काढले. 1.6च्या डिफरेन्शियलमध्ये 0.65 लिटर तेल बसते, 1.8च्या डिफरेन्शियलमध्ये एक लिटर. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात जे उतरले ते साडेसहाशे मिलिलिटरच्या खुणेलाही नीट पोहोचले नाही. तेल काळपट आणि मधासारखे दाट होते, भांडे तिरपे केले तरी ते सावकाश सरकत होते. मित्राच्या मते आवाज काही दिवस दाबण्यासाठी मुद्दाम दाट तेल भरले होते. फ्रिजवरचे एक चुंबक मी त्यात बुडवले, तर त्याच्यावर करड्या चिखलासारखा लोखंडाच्या बारीक कणांचा थर बसला. हे दृश्य पाहताना मला जो संताप आला तो फसलेल्या पैशांपुरता नव्हता. क्राऊन-पिनियनचे दात तुटून डिफरेन्शियल अडकले, तर मागची दोन्ही चाके धावत्या गाडीत जागच्या जागी थांबू शकतात. ज्या माणसाने ही झीज पाहिली, तिच्यावर दाट तेल ओतले आणि मला हसतमुखाने किल्ली दिली, त्याने माझा जीव जुगारात लावला होता.

हे काम खरेच कष्टाचे असते, हेही मला मान्य आहे. एक्झॉस्ट सोडवावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो, गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत जाणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकट मोकळी करावी लागते. त्या चौकटीच्या मागच्या बोल्टांची नळी गंजून अडकलेली असली, तर तिच्यातच अर्धा दिवस जातो. पुन्हा बसवताना गिअरबॉक्सची उंची चुकली तर संपूर्ण गाडी थरथरते. म्हणूनच कोणी हे काम चार दिवसांत केल्याचे सांगितले, की त्या चौकटीच्या बोल्टांवर पान्याची ताजी खूण आहे का, ते वाकून बघावे. माझ्या गाडीच्या बोल्टांवर जुन्या गंजाचा अखंड थर होता. गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे बघणाऱ्या वर्षाच्या एमओटी तपासणीवर यासाठी विसंबू नये, कारण तिथे डिफरेन्शियल उघडून कोणी पाहत नाही. सुटे टॉर्सन विकत घेणार असाल, तर शाफ्टच्या भोकातून आत बॅटरी मारा. मधोमध आडवी पिन दिसली तर ते साधे डिफरेन्शियल आहे, विकणारा काहीही म्हणो.

गॅरेजमालकाने आधी फोनवर सगळे नाकारले, मग नग पुरवणाऱ्या दुकानाने चूक केली असे सांगितले, पण त्या दुकानाचे नाव मात्र दिले नाही. मी ओरखड्याचे छायाचित्र, तेलाच्या भांड्याचे छायाचित्र, जीपीएसच्या नोंदी आणि त्यांचे बिल जोडून दावापूर्व पत्र पाठवले आणि 14 दिवसांची मुदत दिली. त्यात 2015च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार घेतला, कारण वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे आणि काम वाजवी कौशल्याने झाले पाहिजे, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रारही नोंदवली, ती तिथून ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीची दखल घेणाऱ्या स्थानिक खात्याकडे जाते. तेराव्या दिवशी 500 पौंड आले, महिन्याने आणखी 400. उरलेल्या 250 पौंडांसाठी मी लघुदावा दाखल केला आहे. दहा हजार पौंडांपर्यंतच्या रकमेला इथे तो मार्ग खुला आहे आणि वकील लागत नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मी काम सुरू होण्याआधीच प्रत्येक शाफ्टवर रंगाची खूण केली आणि जुने नग माझ्याकडेच राहतील असे लिहून घेतले. तिथल्या कारागिराने टॉर्सन बसवण्यापूर्वी मला बोलावून भोकातून आत पाहायला लावले, आणि पैसे मी कार्डाने दिले. जुने डिफरेन्शियल आता माझ्या शेडमध्ये एका लाकडी खोक्यात आहे. दाव्याची तारीख लागेपर्यंत ते तसेच राहील. एम69 वर 3,500 फेऱ्यांना जीपीएस आता 70 दाखवतो. पूर्वी स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा तीन मैल पुढे असे, ती मोकळीक आता उरलेली नाही, हे मला वेगमर्यादेच्या प्रत्येक फलकापाशी आठवणीने लक्षात ठेवावे लागते.