मिरज रोडचं भडंगचं दुकान: भडंगला पाच स्टार, चकलीला अडीच

सांगलीत मिरज रोडला एक छोटं फरसाणचं दुकान आहे. मालक काका पूर्ण अंध, काकूंना एका डोळ्याने थोडं अंधुक दिसतं, वजन-पॅकिंग करणारा पोरगा कर्णबधिर आणि हिशोब-फोन-व्हॉट्सअॅप ऑर्डर बघणारी ताई व्हीलचेअरवर. या दुकानाचे ऑनलाइन रिव्ह्यू उघडले की सगळे पाच स्टार, सगळीकडे 'सलाम', 'प्रेरणादायी', हात जोडलेले इमोजी, पण भडंगात लसूण कसा असतो, चकली मऊ पडते का, हे एकानेही लिहिलेलं नाही. अहो माल कसाय ते सांगा की!

तर माल. भडंग एक नंबर. कुरमुरे जाड आणि खरपूस, लसूण सालासकट ठेचून तळलेला, करपलेला नाही, शेंगदाणे भरपूर आणि पिठीसाखर फक्त जिभेला कळेल इतकीच. सांगली-जयसिंगपूरचं भडंग म्हणून आजकाल काहीही तेलकट विकतात, इथे हात तेलाने माखत नाहीत. तळण काकूंकडे, पण मसाला काकाच भाजतात, वासावर. शेंगदाण्याची चटणी कुटलेली आहे, मिक्सरची पावडर नाही, आणि तिखट म्हणजे खरंच तिखट, पुण्याच्या पाहुण्यांना देताना विचार करा. चकलीत मात्र मजा नाही. मीठ जास्त आणि दोन-तीन दिवसांत मऊ. पॅकिंगची पिशवी पातळ आहे, पाहुण्यांकडे एसटीने नेईपर्यंत एका कोपऱ्यातून सांडायला लागते. पॅकिंगची तारीख शाईने मारतात ती बोट फिरवलं की पुसते. हे मी काकांना तोंडावर सांगितलं, ते म्हणाले "चकलीचं काकूला सांग, माझं ती ऐकत न्हाई."

आता दुकान चालतं कसं ते सांगतो कारण मला तेच बघायला जास्त मजा आली. काकांना खुणा दिसत नाहीत आणि पोराला ऐकू येत नाही, मग दोघांचं जमतं कसं? काका काउंटरची फळी ठोकतात, फळीचा हादरा पोराच्या हाताला कळतो, तो जवळ आला की त्याच्या तळहातावर थाप. एक थाप पाव किलो, दोन थापा अर्धा, मुठ दाबली की तिखट जास्त. ही भाषा त्यांची त्यांनीच बनवली, कुठल्या ट्रेनिंगला गेले नाहीत. गिऱ्हाइकासाठी काउंटरवर मालाच्या फोटोंचा तक्ता चिकटवलाय, बोट ठेवायचं, झालं. गर्दीत पण घोळ होत नाही, उलट बाजूच्या दुकानात ओरडून ओरडून सांगावं लागतं त्यापेक्षा इथे लवकर काम होतं.

पैशाचं जरा समजून घ्या. नवीन शंभराची नोट 142 मिलिमीटर लांब आणि दोनशेची 146, रुंदी दोन्हीची सारखीच 66. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखायचा, तो पण समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना! शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटांवर कडेला उठावाच्या रेघा असतात, पण नोट चार हात फिरून मऊ झाली की त्या सपाट होतात. रिझर्व्ह बँकेचं MANI नावाचं अॅप आहे 2020 पासून, फोनचा कॅमेरा धरला की नोट किती रुपयांची ते बोलून सांगतं, काका ते वापरतात पण निवांत असेल तेव्हाच. वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं त्यांना फार आवडतं, म्हणतात सरकारने एवढं एक काम डोकं लावून केलं. बाकी सगळी मदार यूपीआयच्या स्पीकरवर, तो मराठीत रक्कम बोलतो, बोलला नाही तर पुडी मिळत नाही. कितीही स्क्रीनशॉट दाखवा, काकांना दाखवून उपयोग काय!

काकांचा आधी एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचा बूथ होता. नव्वदच्या दशकात अपंगांना असे बूथ बरेच मिळाले, चौकाचौकात दिसायचे, नंतर मोबाईल आले आणि सगळेच बसले. काका म्हणतात बूथवर त्यांच्या हातात काहीच नव्हतं, दर ठरलेला, कमिशन ठरलेलं, आणि फोन बंद म्हणजे धंदा बंद. इथे शेंगदाणा महागला की पुडीचा भाव ते स्वतः वाढवतात, न खपणारी शेव बंद करतात, माणूस कामावर ठेवायचा की नाही तेही त्यांचंच. त्यांनी दोन ठेवले, दोघांना महिन्याचा पगार.

मला वाटतं नोकरी देणारी ठिकाणं आणि असं स्वतःचं दुकान यात हाच मोठा फरक. मुंबईत पवईला मिरची अँड माइम हॉटेल निघालं 2015 ला, तिथे कर्णबधिर वेटर आणि खुणा करून ऑर्डर, जुहूला कॅफे अर्पण आहे जिथे ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली मोठी माणसं काम करतात. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे, पण तिथे गल्ला दुसऱ्याचा असतो. गल्ला स्वतःचा असलेली दुकानं किती दिसतात? राज्याच्या दिव्यांग महामंडळाची ई-वाहनावरच्या फिरत्या दुकानाची योजना आहे, गाडी मिळते, चांगली गोष्ट. मला फक्त काकांचा बूथ आठवतो, तेही असेच मिळाले होते. गाडीत काय विकायचं, माल उधारीवर कोण देणार, गाडी उभी कुठे करायची, हे कोण शिकवतं?

आणि भांडवल. काका कर्जाला गेले तेव्हा एका बँकेत त्यांना 'दिसणारा माणूस सोबत आणा, सही तो बघेल' असं सांगितलं. रिझर्व्ह बँकेचं 2008 चं परिपत्रक आहे, अंध माणसाला चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यात भेदभाव करायचा नाही म्हणून. काउंटरवरच्या साहेबांना ते माहीत नव्हतं. शेवटी ताईने त्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवली, मग फाइल हलली. जामीनदार मात्र मागितलाच, मग काकांचा मेव्हणा जामीन राहिला. मेव्हणा नसता तर हा रिव्ह्यू पण नसता.

दुकानासमोर गटारावर रॅम्प काकांनी स्वतःच्या खर्चाने केलाय, उतार व्यवस्थित आहे, ताई एकटी चढते. फक्त रॅम्पच्या तोंडाशी लोक बाइक लावतात. कृपा करून लावू नका, चार पावलं पुढे जागा आहे.

दुपारी दीड ते चार बंद. सोमवारी ताजं भडंग नसतं, मंगळवारी सकाळी या. दिवाळीची ऑर्डर आधी द्यावी लागते, आयत्या वेळी काका सरळ नाही म्हणतात आणि कितीही गोड बोललात तरी ऐकत नाहीत. चटणी अर्धा किलो घ्या, पाव किलो पुरत नाही. चकली घेऊ नका, निदान काकू मीठ कमी करेपर्यंत.