मेलन की जबड्यातील मेद: गोव्यातील विद्यार्थ्याने प्रबंधासाठी कोणती ऊती निवडावी?

डॉल्फिनच्या ध्वनिवाहक मेदावर पदव्युत्तर प्रबंध करू पाहणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याला सर्वप्रथम ऊती निवडावी लागते. कपाळाच्या फुगवट्यातील मेद, म्हणजे मेलन, घ्यावा की खालच्या जबड्यातील मेद घ्यावा, हा तो निर्णय. दोन्ही ऊतींत एकाच प्रकारचे असामान्य स्निग्ध पदार्थ असले, तरी त्यांची मांडणी वेगळी आहे आणि प्रबंधाची दिशा त्या मांडणीवरच ठरते.

मेलन ध्वनी बाहेर सोडण्याच्या मार्गात आहे. नासामार्गातील ओठांसारख्या घड्यांपाशी उमटलेले क्लिक (अगदी क्षणिक टकटकणारे आवाज) त्यातून पुढे जातात आणि त्यांचा झोत बनतो. मेलनच्या गाभ्यात ध्वनीचा वेग सर्वांत कमी असून बाहेरच्या थरांकडे तो वाढत जातो. बॉटलनोज डॉल्फिनच्या गाभ्यात तो सेकंदाला सुमारे १२७० मीटर मोजला गेला आहे, तर समुद्राच्या पाण्यात तो साधारण १५०० मीटर असतो. वेगाच्या या बदलामुळे ध्वनी मध्याकडे वळतो. मात्र मेलन ही केवळ चरबीची गोळी नव्हे. तिच्या कडांमध्ये चेहऱ्याच्या स्नायूंचे तंतू आणि दाट संयोजी ऊती शिरलेल्या असतात, त्यामुळे मेद कोठे संपतो आणि आवरण कोठे सुरू होते, हे सुरीने ठरवणे अवघड जाते. संपूर्ण डोके अखंड मिळून त्याचे सीटी स्कॅन करता येत नसेल, तर मेलनवर काम करताना रासायनिक आकडे हाती येतात, पण ते नेमके कोणत्या जागेचे, हे खात्रीने सांगता येत नाही.

जबड्यातील मेद ध्वनी आत घेतो. दातवाल्या देवमाशांचा (यांत डॉल्फिनही येतात) खालचा जबडा मागच्या बाजूस पोकळ असतो. त्या पोकळीत आतील मेदपिंड भरलेला असतो आणि तो थेट कानाच्या हाडापर्यंत पोहोचतो. बाहेरचा मेदपिंड जबड्याच्या अतिशय पातळ झालेल्या हाडावर बसलेला असतो. ध्वनी या वाटेने कानाकडे जातो, ही कल्पना सागरी सस्तन प्राण्यांचे अभ्यासक केनेथ नॉरिस यांनी १९६०च्या दशकात मांडली. पुढे १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डॉल्फिनच्या खालच्या जबड्यावर ध्वनी अडवणारे आवरण चढवल्यावर प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखण्याची त्याची क्षमता घटल्याचे दिसले. रसायनाच्या दृष्टीने येथील चित्र अधिक रेखीव आहे: आखूड आणि शाखायुक्त साखळीच्या मेदाम्लांचे प्रमाण आतील पिंडाच्या मध्यभागी, विशेषतः कानाजवळ, सर्वाधिक आढळते.

या मेदाम्लांतील प्रमुख म्हणजे आयसोव्हॅलेरिक आम्ल. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच डॉल्फिनच्या तेलातून वेगळे केले होते. हे आम्ल माशांच्या आहारातून येत नाही, तर ल्यूसीन या अमिनो आम्लापासून प्राण्याच्या शरीरातच तयार होते. डॉल्फिन आणि त्यांचे लहान नातलग पॉर्पॉइज यांच्यात ते ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे नेहमीच्या चरबीच्या रेणूंत, बांधलेले असते. स्पर्म व्हेल आणि चोचीच्या देवमाशांत मात्र मेणासारख्या एस्टरांचे (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयुगांचे) प्राबल्य असते. पिल्लांमध्ये हे पदार्थ कमी असतात आणि वयानुसार साठत जातात, म्हणून प्राण्याची लांबी आणि वयाचा अंदाज नोंदवल्याशिवाय दोन नमुन्यांची तुलना करणे व्यर्थ ठरते.

गोव्याच्या किनाऱ्यालगत हम्पबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉर्पॉइज या दोन्ही जाती आढळतात. किनाऱ्यावर लागलेला मृत प्राणी हेच नमुन्याचे साधन ठरते. तेही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील संरक्षणामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय हाताळता येत नाही, आणि ही परवानगी प्राणी सापडण्यापूर्वीच काढून ठेवलेली बरी. ऊन आणि भटकी कुत्री मऊ कपाळावर लवकर ताव मारतात, तर पोकळ हाडाच्या आतला मेद त्या मानाने सुरक्षित राहतो. कुजताना मुक्त झालेल्या आयसोव्हॅलेरिक आम्लाचा घामट, आंबूस दर्प मात्र प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना दीर्घकाळ लक्षात राहील.

म्हणून एकच ऊती घेता येत असेल आणि साधन केवळ गॅस क्रोमॅटोग्राफीचे (मिश्रणातील घटक वायुरूपात वेगळे करून मोजण्याच्या तंत्राचे) असेल, तर माझा कौल जबड्याच्या आतील मेदपिंडाला आहे. पुढच्या टोकापासून कानापर्यंत ठरावीक अंतरावर लहान तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकाची जागा आराखड्यावर नोंदवावी, कारण सगळा मेद एकत्र वाटून काढलेली सरासरी येथे निरुपयोगी आहे. ताजे, अखंड डोके आणि सीटी स्कॅनची सोय असेल, तर मेलन निश्चितच अधिक रोचक प्रश्न देतो. ध्वनिवेग मोजायचा झाल्यास दोन्ही ऊतींचे नमुने शरीराच्या तापमानाला आणूनच मोजावेत. फ्रीझरमधून काढलेल्या थंड मेदात वेग जास्त भरतो. रासायनिक विश्लेषणात मेदाम्लांचे मिथाइल एस्टरऐवजी ब्यूटाइल एस्टर बनवावेत, कारण आयसोव्हॅलेरिक आम्लाचा मिथाइल एस्टर बाष्पशील असून द्रावक उडवताना तोही उडून जातो आणि ज्या घटकासाठी हा खटाटोप केला, तोच आलेखावर कमी दिसतो.